इंजिन सुटलं, डबे अडकले

चालती वस्तू टाकून देणं कोकणातल्या माणसाला जमत नाही. बंद पडलेली तर त्याहून नाही. एखादी वस्तू डोळ्यांत खुपायलाच लागली तर तो आधी तिच्यात सुधारणा करतो, त्या सुधारणेने ती बंद पडते आणि मग ती माळ्यावर जाते. तिथे पेट्रोमॅक्सची बत्ती, एका पारड्याचा तराजू, झाकण हरवलेला ग्रामोफोन आणि आजोबांची छत्री तिची वाटच बघत असतात. इन्सुलीला आमच्या मामांच्या माळ्यावर या मंडळींत एक आगगाडीचं इंजिन होतं. खेळण्यातलं, पण तसं मामांसमोर म्हणायचं नाही. मॉडेल म्हणायचं. खेळणं पोरांना देतात आणि मॉडेलला पोरांनी हात लावायचा नसतो, एवढाच दोहोंत फरक.

मामा उभी हयात बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. बोटीवरच्या माणसाने सुट्टीवर येताना काय आणायचं, हे आमच्याकडे ठरलेलं असे: सेंट, टेपरेकॉर्डर, नायलॉनच्या साड्या, चॉकलेटचे डबे. मामांनी एका खेपेला हँबर्गहून हे इंजिन आणलं, त्याचे तीन डबे आणले, गोल मांडायचे रूळ आणले आणि ट्रान्सफॉर्मर आणला. साडी राहिली. मामींच्या खात्यावर ती साडी आजही येणे आहे.

इंजिन मात्र नजर खिळावी असं, मार्क्लिनचं. मार्क्लिन ही जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावची कंपनी. ती १८५९पासून खेळण्यांच्याच धंद्यात आहे, हे मामांना सांगायची सोय नाही. स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड घाटासाठी शंभर वर्षांपूर्वी विजेवरची इंजिनं बांधली, त्यांची ही हुबेहूब छोटी नक्कल. मधोमध चालकाची खोली, पुढे-मागे दोन लांबलचक नाकाडं, तिन्ही भाग बिजागरीने जोडलेले; त्यामुळे वळणावर सगळं अंग मुरडत जातं. तिकडच्या लोकांनी त्याला मगर म्हटलं. मार्क्लिनने मगरीचं या मापातलं मॉडेल १९४७मध्ये बाजारात आणलं. मामा हे साल असं सांगतात की, त्या वर्षी देशात आणखी काही घडलं असेल असं ऐकणाऱ्याला वाटू नये.

या मगरीची भावंडं आपल्या घाटांतही राबली. बोरघाट आणि थळघाट विजेवर आणताना जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १९२८पासून अशाच मुरडत्या अंगाची ४१ इंजिनं घेतली. पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातून आली, गॉटहार्डच्या मगरीही तिथल्याच. बाकीची इंग्लंडात झाली. सदतीस फुटांत एक फूट चढणारा बोरघाट ही इंजिनं दात-ओठ खात चढत. आपल्या लोकांना ती मगर वाटली नाही, खेकडा वाटली. रेल्वेच्या कागदांत त्यांचं नाव डब्ल्यूसीजी-१, पण घाटात विचाराल तर खेकडाच. त्यांतला एक ‘सर लेस्ली विल्सन’ असं गव्हर्नरचं नाव मिरवत दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात बसला आहे.

यातली मामांची लाडकी गोष्ट पुढेच आहे. स्विस मगर पंधरा हजार व्होल्टच्या एसीवर धावायची आणि आपला खेकडा दीड हजार व्होल्टच्या डीसीवर. बाहेरून घराणं तेच, आतली व्यवस्था सगळी वेगळी. “विंटरथूरवाल्यांनी १९२८मध्ये जे केलं, ते मी केलं तर बिघडलं कुठे?” असा मामांचा सवाल असतो. विंटरथूरवाल्यांकडे कारखाना होता, हे उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. कारण मामा रिटायर्ड आहेत आणि त्यांच्याकडे वेळ आहे.

मूळ सामानाची वाट कोकणच्या हवेने लावली. पत्र्याचे रूळ चार-पाच पावसाळ्यांत गंजले, ट्रान्सफॉर्मरमध्ये मुंग्यांनी बिऱ्हाड केलं आणि एका रात्री लाइट जाऊन आली ती त्या बिऱ्हाडासकट त्याला घेऊन गेली. इंजिन आणि डबे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात डांबरगोळ्या घालून माळ्यावर गेले. तिथेच ते सुखाने राहिले असते. पण मामा एका लग्नाला पुण्याला गेले आणि अक्षता पडायच्या आत मांडवातून निसटून कर्वे रस्त्याजवळच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जाऊन बसले. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या हौसेतून उभं केलेलं हे गाव १ एप्रिल १९९८ रोजी लोकांना खुलं झालं. सिग्नल पडतात, फाटकं मिटतात, वाफेच्या आणि विजेच्या गाड्या आपापल्या वेळेला येतात-जातात. मामा तिथून परत आले ते जेवणाची पंगत चुकवून, आणि रोग घेऊन. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते माळ्याला शिडी लावण्याचं.

रूळ कुठून आणायचे हा प्रश्न सुटलेला होता. मुंबईच्या एका भाच्याच्या मुलाने मिसरूड फुटल्यावर सोडून दिलेला रेल्वेचा सेट कपाटात पडून होता: दोन रुळांचा गोल, एक सांधा आणि एक कंट्रोलर. मार्क्लिनच्या रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, या रुळांतलंही साडेसोळाच. मामांनी मगर रुळावर ठेवली. चाकं नीट बसली. कंट्रोलर फिरवला. त्याचा लाल दिवा लागला आणि सगळं ठप्प. मगर उचलली, दिवा गेला. ठेवली, लागला. दोन्ही बाजूंनी ठेवून पाहिली, उलटी करून पाहिली. मगरीत काही दोष नव्हता. रुळांत नव्हता. कंट्रोलरमध्येही नव्हता.

दोष असा की, हे दोन निरनिराळे पंथ आहेत. साध्या दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ अधिक, दुसरा उणे. वीज एका रुळावरून चढते, मोटर फिरवते, दुसऱ्यावरून उतरते. त्यासाठी डाव्या चाकाचा उजव्या चाकाशी विजेपुरता संबंध नको. मध्ये प्लॅस्टिकचं काहीतरी घालून त्यांना सोवळ्यात ठेवलेलं असतं. मार्क्लिनला हे सोवळंओवळं मान्य नाही. त्यांचे दोन्ही रूळ एकाच पक्षाचे. वीज येते मधून: रुळांमध्ये बारीक टिकल्या असतात आणि इंजिनाच्या पोटाखालची एक लांब पट्टी त्यांवरून घासत जाते. टिकल्यांची ही रांग म्हणजेच तिसरा रूळ. त्यामुळे चाकं, आस, सांगाडा सगळं अखंड धातूचं. अशी गाडी दोन रुळांवर ठेवली की प्रत्येक आस अधिक आणि उण्याचं थेट लग्न लावून देते. मगरीला आस आठ. म्हणजे सामुदायिक विवाह.

आणि वर एसी-डीसीचं आहेच. डीसी मॉडेलला उलटं पाठवायचं तर अधिक-उण्याची अदलाबदल करतात. मोटर निमूट उलटी फिरते. मार्क्लिनची जुनी मोटर एसीची, ती अधिक-उण्याला भीक घालत नाही. तिला दिशा बदलायला सांगायची रीत वेगळी: नेहमीचे सोळा व्होल्ट बंद करून चोवीस व्होल्टचा एक झटका द्यायचा. आतला रिले खट्‌कन पलटतो आणि मोटरीतल्या दुसऱ्या वेटोळ्यात वीज जाते. रिलेची स्प्रिंग जराशी म्हातारी असली तर झटका मिळताच इंजिन आधी पुढे उसळी मारतं आणि मगच मागे फिरायला राजी होतं. या स्वभावाची माणसं आमच्या गावात भरपूर असल्याने त्यात नवल कोणाला वाटलं नाही.

खरं तर वस्तू चांगली की वाईट हे वस्तूवर नसतं, ती कुठल्या हद्दीत उभी आहे यावर असतं, हे तत्त्व इन्सुलीच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पत्रादेवीपलीकडे, म्हणजे गोव्यात, एक बाटली दुकानाच्या फळीवर उजेडात उभी असते. किंमत लिहिलेली, बिल मिळतं, दुकानदार पिशवीही देतो. तीच बाटली बांदा ओलांडून इन्सुलीच्या चेकनाक्यावर आली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘गोवा बनावटीची दारू’ या नावाने छापून येते आणि शेजारी तिच्याबरोबर फोटो काढून घेतलेला माणूस खाली मान घालून उभा असतो. बाटली तीच, दारू तीच, बूचही फुटलेलं नाही. व्यवस्था बदलली.

रेल्वेतसुद्धा नेमका असा नाका असतो. विजेच्या तारेवर दोन वेगळे पुरवठे जिथे भेटतात तिथे मध्ये थोडी मेलेली तार ठेवतात. तिच्यात वीज नसते. आधी ५०० मीटरवर एक फलक, मग २५० मीटरवर दुसरा. ते पाहून चालकाने इंजिनाचा मुख्य स्विच उघडायचा. रेल्वेच्या बोलीत याला ‘डीजे ओपन’ करणं म्हणतात. गाडी आपल्या वेगानेच तेवढा पट्टा पार करते, पलीकडे गेली की पुन्हा वीज घेते. इन्सुलीचा नाका रोज पाहणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. गोव्याहून येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या बांद्यापर्यंत दणदणत येतात. नाका दिसला की आतला डीजे बंद होतो, काचा वर जातात आणि पाचही जणांचे चेहरे एकदम निर्विकार होतात. कोणी एक्सलेटर दाबत नाही, कोणी ब्रेक मारत नाही. इन्सुली घाटाची पहिली वळणं लागली की पुन्हा पुरवठा सुरू.

तर अशा गावात मामांनी जाहीर केलं की, मगरीची पद्धत बदलायची. तीन रुळांची एसी गाडी दोन रुळांच्या डीसीवर चालवायची. बातमी दुपारपर्यंत वाडीभर झाली आणि संध्याकाळी पडवीत समिती भरली.

वायरमनने इंजिन हातात घेऊन उलटंपालटं केलं, पोटाची पट्टी टेस्टरने टोचली आणि म्हणाला, “काकानु, एसी-डीसीचा माका म्हायत नाय. खांब्यावरना येता ता एसी आणि पावसात येणा नाय ता पण एसी.” बांद्याला पूर्वी टीव्ही आणि हल्ली मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने न उघडताच सांगितलं, “बोर्ड गेलोहा.” त्यात बोर्ड नाही, असं सांगितल्यावर त्याचं निदान आणखी पक्कं झालं: “मगे गेलोच म्हणा.” विज्ञानाचे निवृत्त मास्तर फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लावून पाहायला लागले. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना काटकोनात धरून ते बराच वेळ बसून राहिले. मोटर कुठे फिरेल ते कळलं नाही, पण चहाचा कप घेताना त्यांना उजवा हात पुढे करावा लागला.

मामी चहा ठेवायला आल्या आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, “इंजिन फोडण्यापरास रूळ नवे हाडा मगे.”

पडवीत शांतता पसरली. हे इतकं बरोबर होतं की कोणालाच मान्य करता येईना. तीन रुळांचा नवा गोल आणि एक ट्रान्सफॉर्मर मागवला की काम संपलं असतं. मगरीच्या अंगाला पेचकसही लागला नसता. पण काम संपवणं हा समितीचा हेतू नव्हता. मामांनी चष्मा पुसला आणि मुंबईचा दाखला काढला.

मुंबईतली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटीहून कुर्ल्याला गेली, हार्बरच्या वाटेने, दीड हजार व्होल्ट डीसीवर. त्या काळी तीच अव्वल पद्धत. पुढे १९५७मध्ये देशाने पंचवीस हजार व्होल्टची एसी पत्करली. तारा बारीक चालतात, उपकेंद्रं लांब लांब ठेवता येतात, खर्च वाचतो. पण मुंबई आधीच डीसीवर वाढलेली. मग एका रेल्वेत दोन संसार. इगतपुरीला इंजिनं बदलायची. विरारच्या अल्याड एक राज्य, पल्याड दुसरं. त्यावर तोडगा म्हणून दोन्ही चालवणारी इंजिनं केली. १९७५ची डब्ल्यूसीएएम-१ ही त्यांतली पहिली. डीसीत गेली की डीसी, एसीत गेली की एसी. शेवटी रेल्वेने ठरवलं की इंजिनांची समजूत किती काळ काढायची, तारच बदलू. मग तारा, खांब, उपकेंद्रं, लोकल सगळं बदलत आणलं, आणि तेही रोजची लाखो माणसं वाहून नेत, रात्रीच्या दोन-चार तासांत. पश्चिम रेल्वे २०१२मध्ये सुटली, मध्य रेल्वेची मुख्य लाइन २०१५मध्ये, आणि एप्रिल २०१६मध्ये हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली. जिथे सुरुवात झाली तिथेच शेवट. मध्ये ९१ वर्षं.

“म्हणजे त्येंनी पण रूळच बदलल्यानी,” मामी म्हणाल्या.

“रूळ नव्हे, तार.”

“ताच ता. आणि तुमका किती वर्सां लागतली?”

मामांनी हा प्रश्न इतिवृत्तात घेतला नाही. कोकण रेल्वेचा दाखला मात्र त्यांनी मुद्दाम टाळला, हे माझ्या लक्षात आलं. ती जानेवारी १९९८मध्ये पुरती सुरू झाली ती डिझेलवर, आणि २०२२मध्ये रोह्यापासून ठोकूरपर्यंत सगळी विजेवर आली. तिथे कोणी डिझेलचं इंजिन फोडून त्यात विजेची मोटर बसवत बसलं नाही. तार ओढली आणि दुसरं इंजिन जोडलं. मडुऱ्याच्या बाजूने पूर्वी डिझेलचा धडधडाट ऐकू यायचा तो आता येत नाही, एवढ्याच खुणेवर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ही क्रांती कळली.

पहिलं काम चाकांचं. एका बाजूची आठ चाकं काढून त्यांच्या जागी आतून प्लॅस्टिकने तोडलेली चाकं बसवायची. ती जर्मनीहून मागवावी लागली. पार्सल आलं ते विड्याच्या पानाएवढं. त्याची किंमत मामींना सांगितलेली नाही आणि हा लेख मामी वाचतात, तेव्हा ती इथेही सांगता येणार नाही. आसेवर चाक दाबून बसवणं हे दिसतं तितकं सोपं नसतं. मगरीची चाकं बाहेरून दांड्यांनी जोडलेली. एका बाजूचा दांडा वर असेल तेव्हा दुसऱ्या बाजूचा आडवा हवा, बरोबर काटकोनात. एक चाक केसभर फिरून बसलं तर दांडा अर्ध्या फेरीत आडवा येतो. मामा भिंग लावून, जीभ दातांत धरून एकेक चाक बसवत होते. शेजारी मास्तर डाव्या हाताची तीन बोटं काटकोनात धरून उभे. त्या बोटांचा अखेर उपयोग झाला तो इथे, मापासाठी.

पोटाची पट्टी निघाली. रिले निघाला. आता राहिली मोटर. तिच्यात दोन वेटोळी: एक पुढे जाण्याचं, एक मागे येण्याचं. कोणत्या वेटोळ्यात वीज सोडायची हे पूर्वी रिले ठरवायचा. आता ते दोन डायोड ठरवणार. डायोड ही वस्तू विजेला एकाच दिशेने जाऊ देते. दोन वेटोळ्यांना दोन डायोड परस्परांच्या उलटे लावले की काम झालं: रुळातली वीज सुलटी आली तर पहिलं वेटोळं चालतं, उलटी आली तर दुसरं. चोवीस व्होल्टचा झटका नको, उसळी नको. युक्ती साधी आणि स्वस्त आहे; दोन डायोड मिळून एका वडापावपेक्षा महाग नाहीत.

पण वेटोळ्याची तार केसासारखी. मामांचा हात बोटीच्या इंजिनावर तयार झालेला, जिथे पान्यालाच दोन माणसं लागतात. त्यांनी पहिल्याच प्रयत्नात डाग देताना तारेचं एक टोक जाळलं. तेव्हा मामींनीच सुचवलं, “सोनाराकडे न्हेवा.” बांद्याच्या बाजारपेठेतल्या सोनाराने काम घेतलं. त्याने मोटर पितळी चिमट्यात धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि सवयीने दोन्ही डायोड आधी काट्यावर घालून वजन पाहिलं. मग फुंकणीकडे न बघता बारीक सोल्डरिंगच्या सळईने असे दोन डाग दिले की डाग कुठे आहे ते शोधावं लागावं. मजुरी घेतली नाही. “ह्यात सोना नाय, मजुरी कसली,” म्हणाला. वर लाल कागदात बांधून दिलं.

चाचणीच्या दिवशी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे नवीन कामाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय हात लावत नाहीत, मग ती विहीर असो, ग्रामपंचायतीचा अर्ज असो की डायोड. वाडीतले एक जाणते उभे राहिले, नारळ हातात घेतला आणि गळा मोकळा केला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या तुझ्या लेकरान परमुलखातला इंजिन हाडून, त्येचा आतला भायर नि भायरचा आत करून, हयसरच्या रुळार चलवचो घाट घातल्यान हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेका फुडे म्हटल्यार फुडे जाव दे, मागे म्हटल्यार मागे येव दे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“वाटेत काय शाटसर्किट, काय लोडशेडिंग, काय कोणाची वाकडी नजर आसात तर ती मोडून काढ, आणि काकींच्या मनातलो राग बारा वाटांनी धाडून दी, म्हाराजा!”

हा शेवटचा ‘व्हय म्हाराजा’ एकट्या मामांचा होता.

कंट्रोलर फिरवला. लाल दिवा लागला नाही. म्हणजे चाकांचं सोवळं नीट पाळलं गेलं होतं. मगरीने हुंकार दिला. गुंऽऽ असा. पण हलली नाही. कंट्रोलर आणखी फिरवला, हुंकार वाढला, नाकाड गरम झालं, चाक जागचं फिरेना. दिशा बदलली तर तेवढा हुंकारही बंद. मामांनी घाईने वीज तोडली आणि मोटर उघडली.

घोळ होता तो सोनाराच्या नेटकेपणाचा. डायोडच्या एका टोकाला पांढरा पट्टा असतो, त्यावरून त्याची दिशा ओळखायची. दोन्ही पट्टे विरुद्ध बाजूंना हवे होते. पण सोनाराचा जन्म गेला कुड्यांची जोडी जुळवण्यात. एका कुडीचा मोती वर आणि दुसरीचा खाली असं त्याच्या हातून होणं नाही. त्याने दोन्ही पट्टे एका रेषेत, एका बाजूला, सुरेख लावले होते. परिणामी वीज एका दिशेने आली की दोन्ही वेटोळी एकदम चालू. पुढे जा आणि मागे ये, असे दोन्ही हुकूम एकाच वेळी सुटलेले. मगर बिचारी दोन्ही पाळत उभी. गाऱ्हाणं घालणारे म्हणाले की, देवाने मागितलं तेच दिलं. फुडे आणि मागे मागितलं होतं, एका वेळी एक असं कोणी म्हटलंच नव्हतं.

सोनाराने एक डायोड फिरवून दिला, पण तोंड कडू करून. त्याच्या मते मूळची बसवणूकच बरोबर होती.

दुसऱ्या खेपेला मगर चालली. खरोखर चालली. अंग मुरडत, दांडे हलवत, गोलाला फेरी घालून आली. कंट्रोलर उलटा फिरवला तशी थांबली आणि उसळी न मारता शहाण्यासारखी मागे गेली. तेवढी टक्‌ टक्‌ टक्‌ वाजत होती. मार्क्लिनच्या जुन्या चाकांची कड खोल असते, मुंबईच्या रुळांच्या बारीक खिळ्यांना ती घासत होती. सांध्यावर मात्र दर खेपेला रुळावरून उतरायची. मामांनी सांधा काढून टाकला आणि तिथे सरळ रूळ घातला. रेल्वेलाही इतक्या कमी कागदपत्रांत मार्ग बदलता आला असता तर सावंतवाडीचं टर्मिनस कधीच झालं असतं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि एक चिमुरडी म्हणाली, “आजोबा, डबे खंय?”

मामांनी मोठ्या रुबाबात बिस्किटांचा डबा उघडला, तीन डबे काढले, मगरीच्या मागे जोडले आणि कंट्रोलर फिरवला. लाल दिवा लागला आणि सगळं ठप्प.

डबेही मार्क्लिनचे. पत्र्याचे, देखणे आणि चाकं अखंड धातूची. एका डब्याला चार आस, तीन डब्यांच्या बारा. मगर एकटी कागदपत्रं दाखवून सुटली होती. मागून येणारा माल पकडला गेला. मोठ्या रेल्वेलाही हा अनुभव चांगलाच आहे. इंजिन बदलणं हा कामाचा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात छोटा भाग. त्याच्या उद्घाटनाला मंत्री येतात, फोटो निघतात. मागून येणारा जो भार असतो त्याच्या चाकांचा विचार कोणी केलेला नसतो, आणि गाडी अडते ती तिथेच.

समितीची तातडीची बैठक झाली. मामांनी बारा चाकांचं पार्सल मागवण्याचा ठराव मांडला. मामींनी मागच्या पार्सलाची किंमत विचारली. ठराव मागे घेण्यात आला. मास्तरांनी प्लॅस्टिकची चाकं सुचवली, वायरमनने डबे दोरीने ओढायचं सुचवलं, मोबाइलवाल्याने पुन्हा एकदा बोर्ड सुचवला.

“डबे माका दिया,” मामी म्हणाल्या. त्यांनी तिन्ही डबे उचलले, त्यांची पत्र्याची छपरं निघतात हे त्यांना मामांपेक्षा आधी कळलं होतं, आणि ते स्वयंपाकघरात नेऊन फळीवर एकामागे एक लावून ठेवले. पहिल्या डब्यात मामांची सकाळची रक्तदाबाची गोळी, दुसऱ्यात दुपारची साखरेची, तिसऱ्यात रात्रीची झोपेची. मगर पडवीत एकटीच फेऱ्या घालते. खरी वाहतूक आत चालू आहे. सकाळची सातला सुटते, दुपारची एकला, रात्रीची नऊला, रोज, एक मिनिट इकडे-तिकडे न होता. आणि या गाडीला पावसाळी वेळापत्रक नाही.